जिप्सीचं स्टेअरिंग थरथरतं तेव्हा

साठ-पासष्टच्या वेगाने जिप्सी सरळ चालली आहे. पुलाच्या जोडावर पुढची चाकं किंचित उसळतात आणि स्टेअरिंग हातात थरथरू लागतं. बघता बघता थरथरीचे हिसके होतात. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी इतक्या जोरात झुलतात की बॉनेट हलताना दिसतं, डॅशबोर्ड खडखडतो. पुलाचा जोड केव्हाच मागे पडलेला असतो, तरी झुलणं थांबत नाही. वेग तीस-चाळीसवर उतरला की मात्र सगळं एकदम शांत होतं. गॅरेजमध्ये याला ‘वॉबल’ म्हणतात. परदेशातले जीपवाले याच प्रकाराला ‘डेथ वॉबल’ म्हणतात.

मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली आणि तीन दशकांहून अधिक काळ बनत राहिली. ताडोबाच्या सफारीत आणि सह्याद्रीतल्या चिखलवाटांवर लोकांनी तिला मनापासून वापरलं. महिंद्राच्या जुन्या सीजे आणि एमएम ५४० जीपा जपणारेही आपल्याकडे कमी नाहीत. २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आली. या सगळ्या गाड्यांत एक गोष्ट समान आहे : पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलच्या दोन टोकांना बसवलेली आहेत. थरथरीची गोष्ट या ॲक्सलपासून सुरू होते.

या दुखण्यावर आपल्याकडे बहुतेक वेळा अंदाजाने इलाज होतो. आधी बॅलन्सिंग, मग टाय रॉड एंड, मग नवा स्टेअरिंग डॅम्पर. प्रत्येक वेळी गाडी चार दिवस बरी चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मालकाचे पैसे जातात, मेकॅनिकवरचा विश्वास उडतो, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे खरा दोष तसाच राहून वाढत जातो. म्हणून सुरुवातीलाच ठामपणे सांगतो : पार्ट बदलून निदान होत नाही. प्रश्न नीट क्रमाने विचारले तर गाडी स्वतःच उत्तर देते, आणि त्या क्रमातल्या निम्म्याहून अधिक तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

लक्षण एक, दुखणी दोन

स्टेअरिंगच्या थरथरीमागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात.

पहिल्या प्रकारात चाकच प्रत्येक फेऱ्याला धक्का देतं. चाकाचा तोल बिघडलेला असतो, रिम वाकलेली असते किंवा टायर गोल राहिलेला नसतो. जिप्सीच्या २०५/७० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६७ सेंटिमीटर आणि परीघ सुमारे २.१ मीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला जवळजवळ आठ फेरे घेतं. आता समजा, चिखलातून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला एकाच जागी २०० ग्रॅम माती वाळून चिकटली आहे. या वेगाला ती माती चाकाला बाहेरच्या दिशेने जवळपास साडेनऊ किलो वजनाइतक्या जोराने ओढते, आणि तेही सेकंदाला आठ वेळा, दर वेळी दिशा बदलत. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठचे पंच्याऐंशी झाले की तो दुप्पट होतो.

दुसऱ्या प्रकारात चाकाचा तोल उत्तम असू शकतो. एखादा खड्डा किंवा पुलाचा जोड फक्त निमित्त होतो आणि त्यानंतर चाकांचं झुलणं स्वतःच्या बळावर चालू राहतं. त्याला लागणारी ऊर्जा गाडीच्या पुढे जाण्याच्या गतीतूनच मिळत राहते, म्हणून वेग पुरेसा उतरेपर्यंत ते थांबत नाही.

दोन्ही प्रकार ओळखायचे कसे? पहिली थरथर वेगाशी बांधलेली असते. एका ठरावीक वेगाला ती येते, गुळगुळीत रस्त्यावरही येते, आणि तो वेग ओलांडला की जोर वाढूनही बहुधा कमी होते, कारण चाकाच्या धक्क्यांचा ताल ॲक्सल-स्टेअरिंगच्या स्वतःच्या तालाशी त्याच वेगाला जुळतो. दुसरी थरथर धक्क्याची वाट पाहते, क्षणात वाढते आणि गाडी बरीच हळू होईपर्यंत सोडत नाही. पहिलीचा इलाज चाकात शोधायचा, दुसरीचा ॲक्सल आणि स्टेअरिंगच्या सांध्यांत. दोन्ही एकत्रही येतात : बिघडलेला तोल रोज बारीक धक्के देत राहतो आणि ढिले सांधे त्या धक्क्यांचं मोठं झुलणं करतात.

यांच्याशिवाय तिसरा एक प्रकार आधीच बाजूला काढायला हवा. स्टेअरिंग फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल, तर आधी ब्रेकच्या डिस्क तपासायच्या.

शंभर वर्षांपूर्वीचं कोडं

ही तक्रार मोटारगाडीच्या तरुणपणापासूनची आहे. १९२० च्या दशकात मोटारींना कमी हवेचे फुगीर टायर आले आणि पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले. प्रवास सुखाचा झाला, पण पुढची चाकं झुलण्याचा त्रास फार वाढला. फ्रेंच इंजिनीअर जॉर्ज ब्रूलिए यांनी १९२५ मध्ये याच विषयावर लिहिताना एक मूलभूत गोष्ट मांडली : बाजूने जोर आला की रबरी टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, अगदी त्याच दिशेला जात नाही, थोडा तिरपा सरकतो. टायरच्या शास्त्राचा मोठा भाग पुढे या निरीक्षणावर उभा राहिला. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या हान्स पासेयका यांचं नाव आज जगभरच्या टायर-गणितात घेतलं जातं. त्यांचा १९६६ चा डॉक्टरेटचा प्रबंधही चाकांच्या याच झुलण्यावर होता.

झुलणं स्वतःच्या बळावर कसं चालतं, हे सायकलच्या सुट्या चाकावरून कळतं. चाकाचा आस दोन्ही हातांनी धरा, चाक जोरात फिरवायला सांगा आणि आसाचं एक टोक झटकन वर उचला. चाक वर-खाली कलण्याऐवजी तुमच्या हातांना आडवं वळवू पाहतं. अखंड ॲक्सलच्या गाडीत नेमकं हेच होतं. डावं चाक उंचवट्यावर चढलं की सगळा ॲक्सल कलतो, त्याच्याबरोबर फिरती चाकंही कलतात, आणि त्या कलण्यातून चाकं वळवणारा जोर तयार होतो. चाकं वळली की उलट दिशेने ॲक्सल कलवणारा जोर निर्माण होतो. त्यात टायरचा बाजूचा जोर थोडा उशिरा येऊन मिसळतो. कलण्यातून वळणं आणि वळण्यातून कलणं अशी साखळी तयार होते. सांध्यांमधलं घर्षण तिला आवरण्याइतकं असेल तर ती एक-दोन हिसक्यांत मरते; नसेल तर वाढत जाते.

रोल्स-रॉईस सोडून १९३० मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेलेल्या मॉरिस ऑली यांनी ही साखळीच तोडण्याचा मार्ग धरला. दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेंशन दिलं की एक चाक उचललं तरी दुसरं कलत नाही, आणि उचललेलं चाकही जवळजवळ सरळच वर जातं. १९३४ च्या मॉडेलांपासून त्या कंपनीच्या मोटारींत असं सस्पेंशन आलं आणि हळूहळू सगळ्या मोटारींत रुळलं.

मग जिप्सी, जिम्नी आणि जीप रँग्लर अजूनही जुन्याच ॲक्सलवर का? कारण खडकाळ वाटेवर त्याचे गुण दुसऱ्या कशातही नाहीत. एक चाक दगडावर चढलं की तोच ॲक्सल दुसऱ्या चाकाला खाली दाबतो, त्यामुळे पकड टिकते. चाकाबरोबर ॲक्सलही उचलला जातो, त्यामुळे पोटाखालची जागा कमी होत नाही. शिवाय तो दणकट असतो आणि आडगावातही दुरुस्त होतो. या गुणांची किंमत आपण देखभालीत मोजायची असते. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा सगळे सांधे घट्ट असतात आणि साखळी दबलेली असते. सांधे झिजले की ती डोकं वर काढते.

आधी फुकटच्या तपासण्या

पहिलं काम गाडी धुण्याचं. नुसती वरवर नव्हे. चारही रिमची आतली बाजू हात घालून साफ करायची. पावसाळ्यात ऑफ-रोडिंग करून परतताना महामार्गावर सुरू झालेली थरथर कित्येकदा एवढ्यानेच जाते.

दुसरं काम हवेचं. वाळूत किंवा चिखलात टायर पसरावेत म्हणून आपण हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवतो आणि परतताना भरायची राहून जाते. मऊ टायर बाजूने जास्त लवतो आणि झुलण्याला आमंत्रण देतो. हवा थंड टायरमध्ये, कंपनीने सांगितलेल्या आकड्याएवढी भरायची.

तिसरं काम टायरवरून हात फिरवण्याचं. कुठे फुगा आलाय का, नक्षीचे ठोकळे एकाआड एक झिजलेत का, बाजूच्या भिंतीला चीर आहे का ते पाहायचं. चाकाचे नट योग्य ताकदीने आवळलेले आहेत का, हेही याच वेळी तपासायचं.

चौथं काम चाकांच्या अदलाबदलीचं. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवायची. स्टेअरिंगची थरथर कमी होऊन ती सीटखाली जाणवू लागली, तर दोष चाकांबरोबर मागे गेला. मग बॅलन्सिंग, रिम आणि टायर यांच्यावरच लक्ष द्यायचं. काहीच फरक पडला नाही, तर बॅलन्सिंगवर आणखी खर्च करण्यात अर्थ नाही. एवढी एक चाचणी बरेच पैसे वाचवते.

मग सांधे

आता गाडी सपाट जागेवर उभी, चारही चाकं जमिनीवर. इंजिन बंद, पॉवर स्टेअरिंग असेल तर चालू. मदतनीसाने स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं लहान लहान हलवत राहायचं. आपण खाली वाकून प्रत्येक सांध्यावर आळीपाळीने बोटं ठेवायची : स्टेअरिंग बॉक्स चॅसीला जिथे बसतो तिथे, बॉक्समधून निघणाऱ्या पिटमन आर्मवर, त्याला चाकाकडे जोडणाऱ्या ड्रॅग लिंकच्या दोन्ही टोकांना, दोन्ही चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या टाय रॉडच्या दोन्ही टोकांना. सांध्याचा एक भाग हलला आणि दुसरा थोड्या उशिराने हलला, तर तिथे प्ले आहे. डोळ्यांना न दिसणारा प्ले बोटांना कळतो. चाकं वजनाखाली असताना ही चाचणी करायची, कारण वर उचललेल्या चाकाला वळायला जोर लागत नाही आणि ढिलाई लपते.

पुढचा भाग गाडीप्रमाणे बदलतो. जिप्सी आणि जुन्या जीपांत पाटेच (लीफ स्प्रिंग) ॲक्सलला जागेवर धरतात. म्हणून पाट्यांचे बुश, शॅकलचे पिन, यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट पाहायचे. टॉमी लावून पाटा बाजूला ढकलला आणि तो बुशमध्ये सरकला, तर ॲक्सलही रस्त्यावर तसाच सरकत असणार. जिम्नी आणि रँग्लर यांना कॉइल स्प्रिंग आहेत. त्यांना आडवा आधार देता येत नाही, म्हणून चॅसीपासून ॲक्सलपर्यंत एक तिरपा रॉड असतो, त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. या गाड्यांत पहिला संशय त्याच्यावर. त्याचे बुश पाहायचेच, पण बोल्टची भोकंही पाहायची. बोल्ट काही महिने ढिला राहिला की भोक लांबट होतं, आणि मग नवा बुश टाकूनही ॲक्सल हलतच राहतो.

यानंतर चाक उचलायचं. मागच्या चाकांना ओट लावून, ॲक्सलखाली घोडी ठेवूनच. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवायचं. खुळखुळ जाणवली तर ती दोन जागांपैकी एका जागेची असते : हबच्या बेअरिंगची किंवा चाक ज्या खुंटीवर वळतं त्या किंगपिनची. फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि चाक पुन्हा हलवायचं. ब्रेकमुळे हब आणि नकल (चाकाला धरून किंगपिनवर वळणारा भाग) एकमेकांना धरून बसतात. म्हणून खुळखुळ नाहीशी झाली तर हबची बेअरिंग, आणि तशीच राहिली तर किंगपिन. डावीकडून-उजवीकडून धरल्यावर जाणवणारा प्ले बहुधा टाय रॉडच्या टोकांचा असतो.

किंगपिन : जिप्सीचं मर्म

जिप्सीत चाक ज्या नकलवर बसतं, तो वर आणि खाली दोन किंगपिनवर वळतो आणि त्या किंगपिन टेपर बेअरिंगमध्ये बसतात. किंगपिनखाली पातळ शिम असतात. शिम काढली की बेअरिंग जास्त दाबली जाते आणि नकल वळायला थोडा जड होतो. हा जडपणा मुद्दाम ठेवलेला असतो. झुलण्याची साखळी दाबून ठेवणारं घर्षण तोच पुरवतो. बेअरिंग झिजली की तो संपतो, स्टेअरिंग हलकं लागू लागतं आणि मालकाला वाटतं, गाडी सुधारली.

नकल किती जड आहे हे मोजता येतं. टाय रॉड सोडवायचा, नकलचं सील मोकळं करायचं आणि टाय रॉडच्या भोकात साधा स्प्रिंगचा ताणकाटा अडकवून ओढायचं. नकल हलायला सुरुवात होते तेव्हा काटा किती दाखवतो ते पाहायचं. सुझुकीच्या या ॲक्सलला साधारण एक ते पावणेदोन किलोंच्या दरम्यान आकडा अपेक्षित असतो. त्याहून बराच कमी आला तर शिम काढून तो वर आणता येतो. पण नकल सरळ दिशेला आणताना मध्येच खटकत असेल, तर बेअरिंगच्या रेसमध्ये खाचा पडल्या आहेत. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून खाचा नेमक्या तिथेच पडतात. अशा वेळी शिमचा उपयोग नाही, बेअरिंगच बदलायला हवी. ओढ्यातून वारंवार गाडी काढणाऱ्यांनी सीलकडे विशेष लक्ष द्यावं. जुन्या सीलमधून पाणी आत गेलं की ग्रीस वाया जातं आणि बेअरिंग लवकर गंजते.

उंच गाडी, मोठे टायर

गाडी उंच करून मोठे टायर घातल्यावर थरथर सुरू झाली असेल, तर कारण बहुधा भूमितीत असतं. चाक ज्या रेषेभोवती वळतं, तिचा वरचा भाग किंचित मागे कललेला ठेवतात. या कोनाला कॅस्टर म्हणतात. त्यामुळे चाक वळणानंतर आपोआप सरळ येतं. जुन्या पाटेवाल्या जीपांत हा कोन सुमारे तीन अंशांचा असतो. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांना शॅकल पुढच्या टोकाला आहे. गाडी उचलण्यासाठी तिथे लांब शॅकल लावले की पाट्याचं पुढचं टोक खाली येतं, ॲक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवून तो परत मिळवता येतो. मात्र जास्त कॅस्टर म्हणजे जास्त चांगलं असंही नाही. गरजेपेक्षा वाढवला तर तोही झुलण्याला मदत करतो. मोजून, कंपनीच्या आकड्याजवळच ठेवायचा.

मोठ्या टायरचं वजन परिघाकडे जास्त असतं, त्यामुळे तेच सांधे आता जास्त जोर सोसत असतात. बाहेर काढलेल्या खोल रिममुळे चाक किंगपिनपासून दूर जातं आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का स्टेअरिंगला जास्त लांब तरफेने बसतो. मूळ टायरवर निभावून गेलेला थोडासा प्ले इथे उघडा पडतो. अलाइनमेंटमध्ये टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आत वळलेला किंचित कल, हाही पाहून घ्यावा, पण सांधे घट्ट केल्यावरच. ढिल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट दुसऱ्या दिवशी खरं राहत नाही.

डॅम्पर सगळ्यांत शेवटी

स्टेअरिंग डॅम्पर म्हणजे आडवा बसवलेला छोटा शॉक ॲब्सॉर्बर. तो निरुपयोगी नाही. २०१८ पासूनच्या जिम्नीत तो कंपनीनेच दिला आहे. खडकावर चाक आपटल्याचा हिसका तो मवाळ करतो. पण झिजलेल्या किंगपिनवर किंवा लांबट झालेल्या भोकावर तो इलाज नाही. नवा डॅम्पर थरथर काही महिने दाबून ठेवतो, तेवढ्यात ढिला सांधा आणखी झिजतो, आणि डॅम्पर थकला की दुखणं आधीपेक्षा जोरात परत येतं. टाय रॉडचा सांधा पूर्ण सुटला तर चाकावर चालकाचा ताबाच राहत नाही. थरथर ही त्याआधी मिळालेली सूचना असते. ती दाबून टाकणं धोक्याचं आहे. म्हणून डॅम्पर बदलायचाच असेल तर सगळे सांधे घट्ट झाल्यावर बदला.

रस्त्यात झुलणं सुरू झालं तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा पण त्याच्याशी झुंजू नका, अंगठे आऱ्यांत अडकू देऊ नका. करकचून ब्रेक मारू नका. मागचं वाहन पाहून वेग हळूहळू उतरवा आणि बाजूला थांबा. थरथर पुन्हा येते का हे पाहण्यासाठी वर्दळीच्या रस्त्यावर मुद्दाम वेग वाढवू नका.

मग गॅरेजला जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या : थरथर कोणत्या वेगाला सुरू झाली, आपोआप आली की धक्क्याने, स्टेअरिंगमध्ये जाणवली की सीटमध्ये, आणि त्याआधी गाडीत काय बदललं होतं. ‘गाडी वॉबल मारते’ एवढंच सांगितलं तर उत्तर अंदाजाचं मिळणार. या चार गोष्टी सांगितल्या तर चांगला मेकॅनिक गाडीखाली जाण्याआधीच निम्मा शोध संपवतो. आणि कोणताही पार्ट बदलण्याआधी त्यातला प्ले आपल्याला हाताने दाखवायला सांगा. गाडीचा मालक म्हणून तो आपला हक्क आहे, आणि त्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या जिवासाठी ते आपलं कर्तव्यही आहे.